पक्ष्याच्या पोटीं पक्षी

भोजन आणि मेजवानी या दोन गोष्टी एक नव्हेत. भोजनानें भूक भागते; मेजवानीनें यजमानाचें वैभव पाहुण्यांच्या नजरेस पडतें. युरोपांत या वैभवदर्शनाचा एक प्रकार फार जुना आहे. एका प्राण्याच्या पोटांत दुसरा, दुसऱ्याच्या पोटांत तिसरा, असे भरून सणासुदीस भाजलेलें हें पक्वान्न होय. शाकाहारी वाचकांनीं विषय पाहून नाक मुरडूं नये. कारण या पक्वान्नाच्या पोटांत पाकशास्त्राबरोबर समाजाचा इतिहासही भरलेला आहे.

रोमन लोक डुकराच्या पोटांत इतर प्राणी भरून तें सबंध पानांत मांडीत. ट्रॉयच्या लांकडी घोड्याच्या पोटांत योद्धे दडले होते, त्यावरून त्यास ‘ट्रोजन डुक्कर’ म्हणत, असें मॅक्रोबियस सांगतो. ख्रिस्तपूर्व १६१ मध्यें मेजवान्यांच्या उधळपट्टीस आळा घालणारा फॅनियसचा कायदा झाला, तेव्हां टिटियस नांवाच्या वक्त्यानें याच पक्वान्नाचा दाखला देऊन आपल्या काळास दूषण दिलें होतें. जेवणांत एका कोंबडीखेरीज दुसरा पक्षी वाढूं नये, आणि तीही मुद्दाम पोसून लठ्ठ केलेली नसावी, असा त्या कायद्याचा दंडक होता. खवय्यांनीं त्यांतून पळवाट काढली. कायद्यांत कोंबडीचें नांव होतें, कोंबड्याचें नव्हतें. म्हणून ते दुधांत भिजविलेलें खाद्य चारून कोंबडेच पोसूं लागले, असें प्लिनीनें लिहून ठेविलें आहे.

अठराव्या शतकांतील इंग्लंडांत हीच कल्पना अधिक घरगुती रूपानें दिसते. हॅना ग्लास या बाईनें १७४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्रावरील पुस्तकांत यॉर्कशायरच्या नाताळच्या पाईची कृति दिली आहे. पारवा, तित्तिर, कोंबडी, हंस आणि टर्की या पांचांचीं हाडें काढावयाचीं, मसाला लावावयाचा आणि लहानापासून मोठ्यापर्यंत एकावर दुसरा गुंडाळीत जावयाचें; शेवटीं दिसावी मात्र एक अखंड टर्कीच. हें सर्व पिठाच्या जाड आवरणांत बसवून एका बाजूस सशाचे तुकडे व दुसऱ्या बाजूस रानपक्षी रचावयाचे, वरून निदान चार पौंड लोणी घालावयाचें आणि चांगल्या तापलेल्या भट्टींत चार तास भाजावयाचें. आवरणासच एक बुशेल, म्हणजे आठ गॅलनांचें माप भरून पीठ लागे. एवढ्या जाड भिंती कशासाठीं? या पाया पेटींत घालून लंडनला भेट म्हणून पाठवीत. वाटेंत त्या फुटूं नयेत, हा हेतु. येथें थाट होता खरा, पण त्यास दूरच्या आप्तेष्टांच्या आठवणीची जोड होती.

पॅरिसांत ही हौस शिखरास पोंचली. राज्यक्रांतीनंतर नव्यानें श्रीमंत झालेल्यांस खाण्यापिण्याची रीत शिकविण्याचें काम ग्रिमो द ला रेनिएर यानें १८०३ पासून आपल्या वार्षिकांतून आरंभिलें. १८०७ मध्यें त्यानें ‘अनुपम भाजणी’ म्हणून जी कृति छापली, तींत एकांत एक असे सतरा पक्षी आहेत. सर्वांत बाहेर माळढोकाच्या कुळांतील युरोपीय पक्षी. त्याच्या आंत टर्की, हंस, कोंबडी, बदक यांच्यासह तित्तिर, टिटवी, लावा, कस्तूर, चंडोल. मग ऑर्टोलन हा चिमुकला भारीट आणि अगदीं आंत वटवट्या. त्याच्याही पोटांत एक ऑलिव्ह! भांड्याचें तोंड लिंपून तें मंद आंचेवर ठेवावयाचें. दम देण्याची ही रीत आपणांसही अपरिचित नाहीं.

या यादींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: रान कधींच रितें होणार नाहीं. काळानें ती खोटी ठरविली. इंग्लंडांतील त्या माळढोकाची वीण १८३२ च्या सुमारास संपली. २००४ पासून बाहेरून पिलें आणून त्यास पुन्हां वसविण्याचा खटाटोप करावा लागला. ऑर्टोलनची शिकार फ्रान्सनें १९९९ सालीं बंद केली. सोलापूरजवळच्या नान्नजचें नांव ज्यांनीं ऐकिलें आहे, त्यांस आपल्या माळढोकाची अवस्था निराळी सांगावयास नको.

आज अमेरिकेंत हें पक्वान्न ‘टर्डकेन’ या नांवानें थँक्सगिव्हिंगच्या सणास होतें: टर्कींत बदक, बदकांत कोंबडी. सतरांचे तीन उरले, आणि तेही तिन्ही माणसानें खुराड्यांत वाढविलेले. रानांतले सारे पक्षी त्या ताटांतून उठून गेले आहेत. रोमच्या कायद्यास पळवाट सांपडली. पण रित्या झालेल्या माळरानापुढें कोणत्याही खवय्याची युक्ति चालत नाहीं.