कटाच्या कादंबऱ्या आणि त्यांचे वय

राजकीय कटाच्या कादंबऱ्या आम्ही पुष्कळ वाचल्या. बहुतेक रात्रीच्या गाडीत, संपाच्या गावी जाताना. त्यांपैकी काही आज हाती धरवत नाहीत आणि काही जुन्या होतच नाहीत, असे का व्हावे? आठ वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन इंग्रजी कादंबऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो.

जॉन बकनची 'द थर्टी-नाइन स्टेप्स' १९१५ साली, महायुद्ध चालू असताना निघाली. स्कडर नावाचा शेजारी नायकाला युरोपात आग लावणाऱ्या कटाची हकीकत सांगतो : पुढे अराजकवादी, त्यांच्या मागे भांडवलवाले आणि सर्वांच्या मागे ज्यू! ही हकीकत खरी नव्हे, कारस्थान जर्मन हेरांचे, असे कादंबरीच पुढे सांगते. परंतु वाचकाला ती क्षणभर पटावी म्हणूनच तेथे घातली आहे, आणि त्या काळच्या वाचकाला ती पटण्यासारखी होती. या समजुतीतून पुढे युरोपात केवढा नरसंहार झाला हे ठाऊक असलेल्याला ते पान सुखाने वाचवत नाही. स्कॉटलंडच्या माळरानावरील पाठलाग मात्र अजून ताजा आहे. १९३५ साली हिचकॉकने चित्रपट काढला तेव्हा पाठलाग ठेवला आणि कट बदलून टाकला. वीस वर्षांतच तो शिळा झाला होता!

जोसेफ कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट'चे (१९०७) तसे झाले नाही. १५ फेब्रुवारी १८९४ रोजी ग्रीनिच वेधशाळेजवळ मार्शल बूर्दँ नावाचा फ्रेंच तरुण स्वतःजवळच्याच बाँबने मेला, त्या घटनेवर ती आधारलेली आहे. यातला व्हर्लॉक क्रांतिकारकांत ऊठबस करतो, परंतु पगार खातो एका परकी वकिलातीचा. वकिलातीतला साहेब त्याला बजावतो की, पगार हवा तर स्फोट घडवून आण. म्हणजे निर्वासितांना आसरा देणारे इंग्रज सरकार त्यांच्यावर दंडुका उगारील. संपाच्या सभेत 'दगड उचला' म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारा माणूस कोणाचा, ही चौकशी आधी करावी लागते, हे आम्ही युनियनच्या कामात शिकलो. कॉनरॅड काही आमच्या पक्षाचा नव्हे; क्रांतिकारकांची तो टिंगलच करतो. पण पैसा कोठून येतो, हे त्याने बरोबर पाहिले.

बकनच्या जगात कट करणारे नेहमी बाहेरचे आणि तो उधळणारे सरकारचे. याच नजरेने २० मार्च १९२९ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचे डांगे, मिरजकर आदी पुढारी धरून मीरतेला नेले गेले. आरोप बादशहाविरुद्ध कटाचा. पुराव्यात भाषणे, पत्रके, पत्रव्यवहार. निकाल लागायला १९३३ साल उजाडले.

कॉनरॅडच्या कथेत बाँब नेणारा मरतो तो व्हर्लॉकचा भोळसट मेव्हणा स्टीव्ही. तो वाट चुकेल म्हणून बहिणीने त्याच्या कोटाच्या आत पत्ता शिवून ठेवला होता. देहाच्या चिंध्यांतून पोलिसांना सापडला तो तेवढाच तुकडा, आणि त्यावरून ते तिच्या दुकानापर्यंत आले.