फैजपूर, ग्रामोद्योग आणि मधपेटी : वसंतातील पूर्वतयारीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे भरलेले राष्ट्रीय सभेचे अधिवेशन हे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन होय. पंडित नेहरू अध्यक्षस्थानी होते. तत्पूर्वी २५ डिसेंबर रोजी महात्मा गांधींनी तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन केले. १९३४ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने तेलघाणी, हातकागद, गूळ यांबरोबर मधमाशीपालनही आपल्या कार्यक्रमात घेतले होते. या अधिवेशनातील भाषणे व ठराव यांची चर्चा वारंवार होते. तथापि, ग्रामोद्योग म्हणजे वर्षातील कोणत्या महिन्यात कोणते काम, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो. मधमाशीपालनाच्या संदर्भात तो विचारण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोहोळ ते पेटी :

धूर करून मोहोळ काढायचे व पिलाव्यासकट पोळे पिळायचे, ही जुनी रीत होती. तीत मधाबरोबर पुढची पिढीही नष्ट होई. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी पोळ्यांमधील नेमके अंतर ओळखले आणि सुटी चौकट शक्य झाली. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी १९१० च्या सुमारास सातेरी माशीच्या आकारमानाला साजेशी लहान पेटी तयार केली. खाली पिलाव्याची कोठी आणि वर मधाची, या विभागणीमुळे वसाहत न मोडता मध काढता येऊ लागला. मात्र त्यामुळे कष्ट कमी झाले, असे म्हणता येणार नाही. ते काढणीच्या दिवसावरून त्याआधीच्या दोन महिन्यांवर सरकले.

महाराष्ट्रात या कामाचे सर्वांत स्पष्ट चित्र महाबळेश्वर परिसरात दिसते. तेथे पावसाळा हा माशीच्या उपासमारीचा काळ. पुढे मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ आणि त्यानंतर हिरडा फुलतो. कामकरी माशीला अंड्यापासून प्रौढ होऊन घरातून बाहेर पडण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, आणि फुलांवर जाण्यास आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे मार्चअखेरीच्या फुलोऱ्यावर जाणाऱ्या माशीचे अंडे फेब्रुवारीच्या मध्यास घातलेले असावे लागते. मधपाळाचे माघ-फाल्गुनातील काम या हिशेबाने चालते. तळपाट झाडायचा, काळवंडलेली पोळी काढायची, मेणपतंगाच्या अळ्या शोधायच्या, ताजी अंडी पाहून राणी कामात असल्याची खात्री करायची. दुर्बळ वसाहती एकत्र केल्या जातात. अन्न कमी असल्यास साखरेचा पाक देतात, पण फुलोरा सुरू होण्यापूर्वी तो थांबवतात, नाहीतर पाकच मधकोठीत साठतो. फुले दिसल्यावर जो जागा होतो, त्याच्या पेटीत माशा वाढतात खऱ्या, पण आलेला मध त्यांनाच पुरतो.

पुढे संस्थात्मक प्रवास झाला. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली, तर २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर करण्यात आले.

खानदेशाचा प्रश्न :

फैजपूरच्या परिसरात मात्र एक विशेष अडचण आहे. यावल-रावेर पट्ट्याची समृद्धी केळीवर उभी आहे, आणि लागवडीतील केळीला फळ धरण्यासाठी परागीभवन लागत नाही. साहजिकच बागायतदाराच्या जमाखर्चात माशीला जागा नाही. (कांद्याचे बियाणे घेणाऱ्याचा अनुभव वेगळा असतो.) याउलट उत्तरेकडील सातपुड्यात वसंतात पळस व मोह फुलतात आणि डोंगरातील तडवी, पावरा, भिल्ल समाजांचा जंगलाशी जुना संबंध आहे. फुलोऱ्याचे त्यांचे ज्ञान प्रशासकीय दप्तरांत शोधून सापडण्यासारखे नाही. कारण महसुलाच्या नोंदींत मध हे केवळ वनउत्पन्न असते आणि ते गोळा करणारा निनावी राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, आपल्या महाविद्यालयांतील इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून या गावांतील वृद्धांच्या मुलाखती घ्यायला हव्यात. त्या प्रश्नावलीत मध किती मिळे, याच्या आधी कोणते झाड कोणत्या महिन्यात फुले, हा प्रश्न असावा.