पाय रोवायला जागा

धावण्याची शर्यत म्हणजे माणसाच्या अंगच्या ताकदीची निर्भेळ परीक्षा, असे आपण समजतो. तिचा इतिहास मात्र पायाखालच्या जमिनीपासून सुरू होतो.

१८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या आरंभरेषेवर बहुतेक धावपटू उभे होते. अमेरिकेचा टॉमस बर्क मात्र दोन्ही हात जमिनीला टेकवून ओणवा झाला, आणि जिंकला. यात जादू नव्हती. रुतलेली हातगाडी ढकलणारा हमाल ताठ उभा राहत नाही. अंग पुढे झोकतो नि पाय मागे रोवतो. जमिनीला मागे रेटावे, तेव्हा ती आपल्याला पुढे रेटते, हा न्यूटनचा नियम त्याच्या पोटऱ्यांना पाठ असतो. ताठ माणसाचा जोर बहुतांशी खाली जातो. ओणव्याचा भार पावलांच्या पुढे असल्याने तो मागे रेटू शकतो.

पण रेट्याला टेकू हवा. म्हणून धावपटू खुरप्याने खड्डे खणून त्यांत पाय रोवीत. ज्याच्या वाट्याला भुसभुशीत जागा येई, त्याने काय करावे?

यावर अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉर्ज ब्रेस्नहन यांनी पाय रोवण्याच्या ठोकळ्यांचे पेटंट १९२९ साली मिळवले. त्याच वर्षी जॉर्ज सिम्पसन ठोकळे लावून शंभर यार्ड ९.४ सेकंदांत धावला. ठोकळ्यांमुळे विक्रम नामंजूर झाला! १९३० साली फ्रँक वायकॉफ ठोकळ्यांवाचून तितक्याच वेळात धावला. तो विक्रम मान्य झाला. १९३६ साली बर्लिनला जेसी ओवेन्सलाही खड्डेच खणावे लागले. ऑलिंपिकमध्ये ठोकळे आले ते १९४८ साली, लंडनला.

खड्डा खणला तर कसब आणि ठोकळा लावला तर लबाडी, हा न्याय आम्हांला पटत नाही. ठोकळा एकालाच दिला तर ती सवलत. सर्वांना दिला की तो नियम होतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पिस्तुलापासून साडेआठ मीटर अधिक दूर असलेल्याला तो सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो. एवढ्याशा अंतराने पदके हुकतात. म्हणून आता मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाच्या ठोकळ्यामागे ध्वनिक्षेपक असतो.

आम्ही चळवळीतली माणसे सर्वांना सारखा आरंभ मागतो, तेव्हा 'तुम्हांला शर्यतच नको आहे' असे ऐकवले जाते. श्रोतेहो, ठोकळे आले म्हणून शर्यत संपली नाही. कोण खरोखर वेगवान, हे त्यानंतरच नीट कळू लागले.