थाप थांबली, वही राहिली

'खासगी' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. पुण्यात खासगीवाले हे आडनाव आहे. इंदूरच्या होळकरांची 'खासगी' तर इतिहासात प्रसिद्धच आहे. दौलतीचा हिशेब निराळा आणि धन्याच्या घरचा हिशेब निराळा. या दुसऱ्या हिशेबाला, आणि त्यासाठी तोडून दिलेल्या उत्पन्नाला, खासगी म्हणत. म्हणजे शब्द मुळात वाड्यातला. रयतेला खासगी कसली? तिची जमीन किती, सारा किती, थकबाकी किती, हे सारे कुलकर्ण्याच्या दप्तरात! आज आपण 'हे माझे खासगी आहे' असे सहज बोलून जातो, तेव्हा धन्याच्या एका शब्दावर रयतेने हक्क सांगितला आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. हा हक्क कसा मिळाला, आणि मिळाल्यावर तो हातात कितपत राहिला, याची हकिकत श्रोत्यांपुढे मांडावी असा आमचा विचार आहे.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राज्याने नोंदी ठेवणे हे काही पाप नव्हे. सातबारा नसेल तर गरीब शेतकऱ्याची जमीन कोणीही गिळंकृत करील. जन्ममृत्यूच्या नोंदी नसतील तर साथ कोठे पसरली हेही कळणार नाही. वहीशी आमचे भांडण नाही. विचारावयाचे ते एवढेच, की वही कोणाविषयी आहे, कोणत्या कामासाठी आहे, आणि ते काम संपल्यावर तिचे काय होते? कारण इतिहासाचा अनुभव असा आहे की वही जन्मते एका कामासाठी आणि वाढते दुसऱ्याच कामासाठी.

याचे एक जुने उदाहरण घेऊ. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचे कंत्राट घेणाऱ्या एका माणसाच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. हेतू साधा होता: पुढे त्याने 'ही सही माझी नव्हे' असे म्हणू नये. १८७७ मध्ये हुगळीस असताना त्याच हर्शेलने पेन्शन घेणाऱ्यांचे व दस्त नोंदविणाऱ्यांचे ठसे घेण्याची वहिवाट सुरू केली. पुढे बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांनी ठशांची वर्गवारी बसविली. तिचे गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या दोन हिंदी साहाय्यकांचे होते; नाव मात्र हेन्रींचे झाले. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे पोलीसदप्तर उघडले, आणि १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डाने उचलली. कंत्राटदाराच्या करारापासून गुन्हेगाराच्या दप्तरापर्यंतचा हा प्रवास चाळीसच वर्षांचा आहे. पेन्शनर म्हाताऱ्याला या प्रवासाची कल्पना असणे शक्य नव्हते.

दरम्यान दुसरी एक वही तयार झाली होती. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. गुन्हा शाबीत व्हावयाची गरज नव्हती. जन्म हाच पुरावा! नावे नोंदवावयाची, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावयाची, गावाबाहेर जावयाचे तर परवाना घ्यावयाचा. १९११ च्या कायद्याने हे लोण साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरू शकले. आपल्या सोलापुरात अशा जमातींची वसाहत होती, आणि त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. १९५२ साली हा कायदा रद्द झाला व त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला, पण पारध्याच्या वस्तीत चोरीच्या तपासाला पहिली चक्कर आजही का होते, हे ज्याने त्याने मनाशी विचारून पाहावे. गावातल्या सभ्य लोकांनी त्या काळी या वहीविरुद्ध फारसा आवाज उठविला नाही. आपले नाव तीत नव्हते ना!

परंतु नाव सभ्यांचेही येते. १९०८ च्या जूनमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि पुण्यास त्यांच्या घराची झडती झाली. कागदपत्रांत एक कार्ड सापडले, आणि त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे टिपलेली होती. सरकारने ते कार्ड खटल्यात पुराव्यादाखल ठेवले. नव्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती नावे आपण टिपून ठेवली होती, असे टिळकांनी सांगितले. वर्तमानपत्राच्या संपादकाने पुस्तकाचे नाव टिपावे यात नवल ते काय? पण टिपणाभोवतीचा माणूस बाजूला काढला की उरलेले टिपण कोणाच्याही हातात हवे ते बोलू लागते. जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांच्या अग्रलेखांवरून झाली हे खरे. तथापि मेजाच्या खणातल्या एका कार्डाचेही कसे होऊ शकते, याचा तो धडा होता.

स्वराज्य आले, राज्यघटना आली. पण घटनेत 'खासगीपण' हा शब्द नाही. १९५४ मध्ये झडतीच्या अधिकाराचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा आठ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की असा हक्क आपल्या घटनेत वाचता येणार नाही. आणि मग आला खडकसिंगाचा खटला. आमच्या मते आजच्या विषयाचे मर्म या एका खटल्यात आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहू.

खडकसिंग हा उत्तर प्रदेशातला माणूस. १९४१ साली त्याला दरोड्याच्या आरोपावरून पकडले आणि पुराव्याअभावी सोडून दिले. खटला मिटला, पण संशय मिटला नाही. पोलिसांनी त्याच्या नावाची वर्तनपत्रिका, म्हणजे ज्याला ते हिस्टरी शीट म्हणतात ती, उघडली. पोलीस नियमावलीच्या २३६ व्या कलमात पाळतीचे सहा प्रकार सांगितले होते. घरावर व घराच्या वाटेवर गुप्त नजर ठेवणे. रात्री घरी जाऊन तपासणे. त्याची ख्याती, सवयी, संगत, उत्पन्न, खर्च व धंदा यांची वेळोवेळी चौकशी करणे. तो घरून कोठे गेला, केव्हा गेला हे शिपाई-चौकीदारांनी कळविणे. तो जेथे जाईल तेथे चौकशीच्या चिठ्ठ्या पाठवून खात्री करणे. आणि हे सारे पत्रिकेत लिहून ठेवणे. चौकीदार मध्यरात्री येत, दार ठोठावीत, हाका मारीत, झोपलेल्या माणसाला उठवीत. अखेर हा माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला.

१९६२ च्या डिसेंबरात सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीची थाप बेकायदा आहे, यावर सर्वांचे एकमत झाले. झोपलेल्या माणसाच्या घरात कायद्याच्या आधारावाचून शिरणे हा त्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे त्यांनी ठरविले. परंतु उरलेल्या पाच प्रकारांना बहुमताने हात लावला नाही. माणसाच्या हालचालींवर नजर ठेवली आणि त्या लिहून ठेवल्या, तर त्याचे काय बिघडले? खासगीपणाचा हक्क घटनेने दिलेला नाही! न्यायमूर्ती सुब्बाराव आणि न्यायमूर्ती शहा या दोघांनी मात्र निराळे मत लिहिले. पाळतीखाली हिंडणारा माणूस मोकळा हिंडतो असे म्हणता येत नाही, त्याला सारा देशच तुरुंग होतो, अशा आशयाचे सुब्बाराव यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते सबंध कलमच रद्द व्हावयास हवे होते. दोघांचे मत दोघांपाशी राहिले. थाप थांबली, वही राहिली.

पुढची वाट लांबची आहे. १९७५ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात न्यायालयाने खासगीपणाचा हक्क असू शकेल असे मानले, पण पोलिसांचे नियम कायम ठेवले. १९७६ साली, आणीबाणीत, कैदेत टाकलेल्या नागरिकाला न्यायालयाचे दारच बंद आहे असा निकाल झाला. त्या बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, आणि न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध उभे राहिले. १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्याविषयीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की फोनवरचे बोलणे हे खासगी आहे. ते ऐकावयाचे तर गृहसचिवाचा लेखी हुकूम हवा, त्याला मुदत हवी, आणि हुकमाची फेरतपासणी करणारी समिती हवी. तोवर फोन ऐकण्याचा सारा कारभार १८८५ च्या तारांच्या कायद्यावर चालला होता. २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा झाला, पण संदेश अडविण्याचा सरकारचा अधिकार त्यातही कायम राहिला.

२९ सप्टेंबर २०१० या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. ज्याच्यापाशी कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू चांगलाच होता. दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे घेण्यात आली. हुगळीच्या पेन्शनरांची आठवण येथे कोणास झाली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. २०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी या योजनेला आव्हान दिले. २०१५ मध्ये सरकारच्या वतीने असा मुद्दा मांडला गेला की खासगीपण हा मूलभूत हक्कच नव्हे, आणि आधार दाखविला तो १९५४ चा व खडकसिंगाचा! खडकसिंगाची थाप पुन्हा न्यायालयाच्या दारावर पडली, ती अशी.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निर्णय दिला. खासगीपण हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यात राज्याला हात घालावयाचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. त्या हक्कापुरते १९५४ चे व १९६२ चे मत रद्द झाले, आणि सुब्बारावांचे अल्पमत पंचावन्न वर्षांनी देशाचा कायदा झाले. याच निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चा, म्हणजे आपल्या वडिलांनी ज्यात मत दिले होते तो, निकाल चुकीचा ठरविला. मुलाने वडिलांचे मत पुसावे आणि त्यात वडिलांचा अपमान न व्हावा, हे न्यायासनावरच घडू शकते. पुढे २०१८ मध्ये आधारचा कायदा चारास एक अशा बहुमताने टिकला. खासगी कंपन्यांनी आधार मागण्याची तरतूद मात्र गेली. तो एक विरोधी न्यायमूर्ती पुन्हा धनंजय चंद्रचूडच होते.

येथे कथा सुखान्त झाली असे वाटेल. पण २३६ व्या कलमाचे ते सहा प्रकार पुन्हा एकदा आठवा, आणि आपल्या खिशातला फोन हातात घ्या. आपण कोठे आहोत हे मनोऱ्यांशी सतत बोलणारा फोन कंपनीला सांगतो. चौकीदाराची गरज उरली नाही. उत्पन्न आणि खर्च पैसे देण्याच्या ॲपमध्ये आहे. संगत नावांच्या यादीत आहे. सवयी आपण काय शोधतो, रात्री किती वाजता वाचतो, कोणते औषध मागवितो यांत आहेत. आणि वर्तनपत्रिका? डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने कंपन्यांना कॉलच्या नोंदी एक वर्षाऐवजी निदान दोन वर्षे जपावयास सांगितले. खडकसिंगाच्या पत्रिकेत चौकीदाराच्या लक्षात राहील तेवढेच लिहिले जाई. आमच्या पत्रिकेत सारेच लिहिले जाते, ते आम्हीच लिहितो, आणि त्या यंत्राचे पैसेही आम्हीच भरतो! न्यायालयाने ज्या एका गोष्टीला हरकत घेतली होती ती रात्रीची थाप; आणि या नव्या पाळतीला नेमकी त्याच एका गोष्टीची गरज लागत नाही.

'आम्ही काही वाईट करीत नाही, मग आम्हांला काय भीती?' असे पुष्कळ सज्जन विचारतात. टिळकही काही वाईट करीत नव्हते. खडकसिंगाविरुद्ध तर पुरावाच नव्हता. घरात चोरीचा माल नसला तरी आपण माजघराचे दार लावतो; आजाऱ्याचे दुखणे, मुलीच्या लग्नाची बोलणी, भावाला दिलेले उसने पैसे, यांत गुन्हा कोणता? पण ते ओसरीवर मांडावयाचे नसते, एवढी जाण प्रत्येक कुटुंबाला असते. ज्याला आपल्याविषयी सर्व ठाऊक आहे आणि ज्याच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्याच्यापुढे माणूस हळूहळू वाकून बोलू लागतो. खरे नुकसान तेथे आहे.

२०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम जाहीर झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू करण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहिती घ्यावयाची ती स्पष्ट सांगून आणि संमतीने. संमती काढून घेणे हे देण्याइतकेच सोपे हवे. काम संपले की माहिती पुसावी. मोडल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु काम संपल्यावर पुसण्याचे हे बंधन सरकारी यंत्रणांना लागू नाही, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही खात्याला अधिसूचना काढून या कायद्यातून वगळू शकते. म्हणजे व्यापाऱ्याची वही आवरली, धन्याची वही पुन्हा राहिली.

आपल्या हाती काय आहे? थोडे आहे, पण आहे. औषधाच्या दुकानात गल्ल्यावरचा मुलगा 'मोबाईल नंबर सांगा' म्हणतो, तेव्हा 'कशासाठी?' असे शांतपणे विचारता येते. साधा बॅटरीचा दिवा लावणारे ॲप आपल्या ओळखीच्यांची यादी मागू लागले, तर नाही म्हणता येते. आपल्या सोसायटीच्या फाटकावर आल्यागेल्याची नोंद होत असेल, तर ती कोण वाचतो आणि केव्हा फाडतो हे सभेत विचारता येते. आणि ज्या वहीत आपले नाव नाही, दुसऱ्याचे आहे, तिच्याविषयीही विचारता येते. हे शेवटचे सर्वांत अवघड; पण सोलापूरच्या वसाहतीचा धडा तोच आहे.

सुब्बाराव यांनी १९६२ साली आपले मत लिहिले तेव्हा ते हरलेल्या बाजूचे मत होते. ज्याच्यासाठी लिहिले तो कोणी पुढारी नव्हता, संशयित दरोडेखोर म्हणून पोलिसांच्या वहीत असलेला एक माणूस होता. धन्याच्या वाड्यातली खासगी रयतेच्या उंबरठ्यावर आली ती त्याच्यामागून. ती राखावयाची असेल, तर 'ही वही कशासाठी, आणि ती केव्हा मिटणार?' हा प्रश्न आपल्या तोंडी रुळला पाहिजे.