पाणथळीतील लाजरी फटाकडी

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आंबिवली परिसराला उल्हास आणि काळू या नद्यांचे सान्निध्य लाभले आहे. अशा नदीकाठच्या सखल भागात पावसाळ्यानंतर पाणी साचून राहते आणि त्यात पाणकणीस व लव्हाळी माजतात. हिवाळ्यात या दाटीत शोधावा असा एक पक्षी म्हणजे ‘बेलन्स क्रेक’ ही छोटी फटाकडी. पाणकोंबडीच्या कुळातील या पक्ष्याची लांबी जेमतेम १७ ते १९ सेंटिमीटर असते. भारतात तो काश्मीरमध्ये वीण करतो. द्वीपकल्पात मात्र हिवाळी पाहुणा म्हणून येतो.

दोन्ही बाजूंनी चपटे शरीर असल्याने तो गवताच्या काड्यांमधून सहज सरकतो. लांब बोटांमुळे त्याला तरंगत्या पानांवरून चालता येते. चाहूल लागताच तो उडण्याऐवजी धावत गवतात शिरतो. त्यामुळे निरीक्षकाला मिळतात ते मोजके क्षण, आणि त्यातच ओळख पटवावी लागते.

प्रौढ पक्ष्याची पाठ तपकिरी असून तिच्यावर काळ्या रेघा व पांढरे ठिपके असतात. चेहरा व छाती निळसर राखाडी, डोळे लाल, तर कुशीवर काळे-पांढरे पट्टे दिसतात. लाल फटाकडीची पाठ ठिपक्यांविना, पोटाकडील बाजू तांबूस आणि पाय लाल असतात. छोट्या फटाकडीचे पाय हिरवट असतात. खरी गफलत होते ती ‘लिटल क्रेक’शी. त्याच्या हिरवट चोचीच्या मुळाशी लाल डाग असतो आणि पंखांची टोके लांब असतात. छोट्या फटाकडीच्या चोचीवर लाल रंग नसतो, पंख आखूड असतात आणि पाठीवरील पांढऱ्या खुणा पंखांवरही पसरलेल्या दिसतात. अल्पवयीन पक्ष्यात राखाडी रंग नसतो. म्हणून तेथे केवळ रंगावर विसंबू नये.

पहाटे किंवा सायंकाळी, चिखलाची कडा उघडी पडली असेल अशा जागी निश्चल बसून राहणे हाच उत्तम मार्ग. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी गवत तुडवू नये.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. वस्तीलगतची लहान डबकी मात्र भरावाखाली सहज जातात, कारण तेथे काही जगते याची नोंदच नसते. अशा ठिकाणी छायाचित्र, तारीख आणि जागेसह केलेली एक अचूक नोंदही मोलाची ठरते. चुकीची ओळख मात्र त्या नोंदीवरचा विश्वासच घालवते.