हेडमास्तरांची सही

दादांच्या कपाटात एक खाकी पाकीट आहे. त्यात त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावून सांधलेला. शाळेचा गोल शिक्का आता पुसट झालाय, पण हेडमास्तरांची सही मात्र अजून ठसठशीत. त्या दाखल्यावर दादांची जन्मतारीख आहे १ जून १९५६.

दादांचा जन्म १९५७च्या कार्तिकातला. आजी सांगायची, "दिवाळीच्या पणत्या उचलल्या आन् चार दिसानं ह्यो झाला." आजीला सन सांगता येत नसे, पण गावातल्या कुणाच्या पोराच्या आगे-मागे कोण जन्मलं याचा तिचा हिशेब पक्का होता. म्हणजे दादा कागदावर दीड वर्षाने मोठे झाले.

ही काही एकट्या दादांची गोष्ट नव्हे. तुमच्याही घरात १ जूनवाले एखादे काका, मामा असतीलच. जून महिन्यात शाळा सुरू व्हायच्या, गुरुजी घरोघर फिरून पोरं गोळा करायचे, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की झालं सहा वर्षांचं! तारीख कुणालाच माहीत नसायची. मग वहीत लिहायचे, १ जून. महाराष्ट्रात सरकारी नोकरांची एक अख्खी पिढी दरवर्षी ३१ मे रोजी घाऊक निवृत्त व्हायची, ती यामुळेच. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. दादाही ३१ मे २०१४ला निवृत्त झाले. खरी तारीख लागली असती तर नोव्हेंबर २०१५पर्यंत नोकरी होती. दीड वर्षाचा पगार गेला. बहिणीचं लग्न त्याच वर्षी होतं, त्यामुळे तो आकडा घरात बरेच दिवस बोलला जायचा.

लहानपणी मला वाटायचं, ही सगळी त्या सही करणाऱ्या हेडमास्तरांची चूक. त्या सहीचा मला रागच होता. पण मोठेपणी ह्या पदाचा इतिहास थोडा थोडा समजत गेला, आणि माझं मत बदललं. आज त्याबद्दलच लिहितो आहे.

आपण मुख्याध्यापक म्हटलं की घंटा, छडी आणि प्रार्थनेनंतरचं भाषण आठवतं. पण शाळेच्या ऑफिसात गोदरेजच्या कपाटात एक जाड, कापडी पाठीचं पुस्तक असतं, जनरल रजिस्टर. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची एक ओळ त्यात असते. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, कधी सोडली, का सोडली. ते पुस्तक कायम जपायचं असतं. बाकीचे कागद ठराविक वर्षांनी नष्ट करता येतात, हे नाही. शाळेची कौलं बदलतील, संस्थाचालक बदलतील, पण ती ओळ राहते. आणि त्या ओळीचा धनी मुख्याध्यापक.

एका ओळीचं मोल किती, ते पाहायचं तर साताऱ्याला जावं. तिथल्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब त्या शाळेत दाखल झाले. तेव्हा ते साताऱ्याचं सरकारी हायस्कूल होतं. ज्या कारकुनाने किंवा मास्तरांनी ती ओळ लिहिली, त्यांना त्या दिवशी ती इतर ओळींसारखीच एक वाटली असणार. आता २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ला दक्षिण सातारा झालं आणि १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं. ह्या भागात हायस्कुलं मोजकीच, तीही मोठ्या गावी. ज्याच्या बापाला फी आणि खोलीभाडं झेपेल त्याचं शिक्षण व्हायचं. हे चित्र पालटायला सुरुवात झाली ती कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे. १९१९ला कराडजवळ काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ला ती साताऱ्याला आणली. १९४०ला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. १९५९ला कर्मवीर गेले तेव्हा संस्थेची शंभरावर हायस्कुलं उभी होती. आमच्या तासगावातलं स्वामी रामानंद भारती विद्यामंदिर हेही रयतचंच.

ह्या शाळांनी मुख्याध्यापक नावाचा एक वेगळाच माणूस तयार केला. इंग्रजी अमदानीतला हेडमास्तर इन्स्पेक्टरच्या भेटीची वाट पाहायचा. हा गावच्या चावडीवर जाऊन बसायचा. खोल्या बांधायला वर्गणी, बोर्डिंगला धान्य, पोराला शाळेत पाठवायला बापाची समजूत, ही सगळी त्याची कामं. शिकवायचे तासही असायचेच. नियमाप्रमाणे मुख्याध्यापकाला आठवड्याला काही तास शिकवावंच लागतं, इतरांचे तास बघून लॉगबुक लिहावं लागतं. वेळही तशी होती. ३ सप्टेंबर १९४२ला ज्या तासगावच्या कचेरीवर हजारोंचा मोर्चा गेला आणि तिरंगा लागला, त्या तालुक्यातल्या लोकांना स्वराज्य म्हणजे गावात हायस्कूल, इतकं सरळ समजत होतं.

आणि मग आली ई.बी.सी. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात शिक्षण घेतलं त्यांना ही तीन अक्षरं पुरेत. आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीमाफी. १९५९ला द्विभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या काळात ती सुरू झाली. आधी वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांच्या आत असण्याची अट होती, मग १२०० झाली. फॉर्मवर मुख्याध्यापकाची शिफारस लागायची. पोराची हजेरी, वागणूक, प्रगती बरी आहे, हे तो लिहून द्यायचा. फॉर्म वेळेत गेला नाही तर फी भरा, नाहीतर घरी बसा. दादांच्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं ह्या एका सहीवर शिकली, असं ते सांगतात.

आता दादांच्या गोष्टीकडे येतो.

१९७२ची दिवाळी. दादा अकरावीला. तेव्हा मॅट्रिक अकरावीची होती. दहावीची परीक्षा १९७५ पासून आली. बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. तो भयंकर दुष्काळ. तालुक्याचा पूर्व भाग तर एरवीही कोरडाच, त्या साली विहिरींचे तळ दिसत होते. तात्या, म्हणजे माझे आजोबा, खडी फोडायच्या कामावर होते. योगायोग असा की कामाचा हक्क मागणारी रोजगार हमी योजना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे आमच्याच तालुक्यातल्या विसापूरचे. १९६५ला त्या कल्पनेचा पहिला प्रयोगही तिथंच झाला होता.

हेडमास्तरांनी अकरावीच्या एकेका पोराला ऑफिसात बोलावून रजिस्टरातली नोंद वाचून दाखवली. "हे बरोबर आहे का रे? एकदा बोर्डात गेलं की बदलत नाही." दादा म्हणाले, "आई म्हणती मी कार्तिकातला." सरांनी सांगितलं, "वडिलांना घेऊन ये. गावच्या दप्तरातला जन्माचा उतारा आण. मी साहेबांकडे कागद पाठवतो." शाळा सोडल्यावर नोंद दुरुस्त करणं किती अवघड आणि शाळेत असताना किती सोपं, हे त्यांना ठाऊक होतं.

तात्या आले नाहीत. एक दिवस कामावर गेलं नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडणार होती. सरांनी पुन्हा निरोप धाडला. मग एका रविवारी सायकल मारत ते स्वतः आमच्या गावी आले. तात्यांनी त्यांना घोंगडं अंथरून दिलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की मास्तर. पोरगं दीड वर्सानं थोर झालं तर बिगीनं नोकरीला लागंल. उतारा काढाय तासगावला खेपा कुणी घालायच्या?"

दादा सांगतात, सर बराच वेळ गप्प बसले. मग पिशवीतून ई.बी.सी.चा फॉर्म काढला. त्यावर तात्यांचा अंगठा राहिला होता. तो घेतला आणि गेले. तारीख राहिली ती राहिली.

हे सगळं दादांनी मला निवृत्तीनंतर सांगितलं. तोवर मी त्या सहीवरच राग धरून बसलो होतो.

पुढे १९७७चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्तींचा कायदा आला, १९८१ला त्याची नियमावली आली. रोजगार हमीच्या कायद्याच्या नावातही १९७७च आहे, आणि त्या साली विधान परिषदेचे सभापती होते विसापूरचे पागेच. सेवाशर्तींच्या कायद्याने शिक्षकाला संरक्षण दिलं. संस्थाचालकाच्या मर्जीवर नोकरी जाणं थांबलं. मुख्याध्यापकाची नेमणूक सेवाज्येष्ठतेने होऊ लागली. अन्याय कमी झाला हे खरंच. पण त्याची दुसरी बाजूही आहे. निवृत्ती ५८ला, आणि ज्येष्ठतेने पाळी यायची ती पुष्कळदा छप्पन्न-सत्तावन्नला. शाळा समजून घेईपर्यंत निरोपसमारंभाचा नारळ हातात! वीस वर्षं एका गावात मुरलेला मुख्याध्यापक आता क्वचितच दिसतो.

आणि कामं? शालार्थ, सरल, युडायस, संचमान्यता, आठवीपर्यंतच्या पोषण आहाराचा हिशेब. पट घसरला तर शिक्षक अतिरिक्त ठरतात, म्हणून पट टिकवणंही त्याच्याच माथी. आमच्याकडे द्राक्षं आणि बेदाण्याचा हंगाम नेमका परीक्षांच्या तोंडावर येतो. शेडवर गेलेली पोरं परत वर्गात आणणं हे काम मात्र कुठल्या पोर्टलवर भरता येत नाही.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली. त्यात शाळांची रजिस्टरंही होती. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे आजोबा-पणजोबांची एक ओळ शोधायला लोक शाळेच्या दारात उभे राहिले. कुठं पानं वाळवीनं खाल्लेली, कुठं शाई उडालेली, आणि कुठं मोत्यासारखं अक्षर जसंच्या तसं. आरक्षणाबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी ते पुस्तक नीट लिहिलं आणि कुणी जपलं, यावर नातवाचं भवितव्य ठरताना आपण पाहिलं.

मध्यंतरी भाच्याच्या कामासाठी एका शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापिका बाई दहावीच्या बोर्डाची प्री-लिस्ट घेऊन बसल्या होत्या. एकेका मुलीला बोलावून नाव, आईचं नाव, तारीख वाचून घेत होत्या आणि पुढं सही करायला लावत होत्या. एका मुलीच्या आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. मुलगी म्हणाली, "चालतंय की बाई." बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही चालत," त्या म्हणाल्या. "आईला फोन लाव."

माझं काम नंतर झालं. अर्धा तास थांबावं लागलं, पण घाई करावीशी वाटली नाही.