तिमोर समुद्राची मध्यरेषा : एका लहान देशाने शोधलेले कायद्याचे दार

१/
मार्च २००२. पूर्व तिमोर, म्हणजे आजचा तिमोर-लेस्त, स्वतंत्र होण्यास अवघे दोन महिने उरले होते. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाने आगाऊ वाच्यता न करता एक घोषणापत्र सादर केले. सागरी सीमांविषयीचे वाद यापुढे आपल्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात वा सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणात नेता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. शेजारी जन्माला येण्यापूर्वीच त्याच्यासाठी न्यायालयाचे दार बंद झाले.

२/
सोळा वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, त्याच ऑस्ट्रेलियाने तिमोर-लेस्तबरोबर कायमस्वरूपी सीमाकरारावर सही केली. या करारातील समुद्रतळाची सीमा मुख्यतः मध्यरेषेवर आधारलेली होती आणि दिलीची मागणीही नेमकी तीच होती. लष्कर लहान, नौदल नाममात्र, लोकसंख्या दहा लाखांच्या आतबाहेर असलेल्या देशाने हे कसे साधले, त्याचा हा धागा.

३/
प्रथम भूगोल. तिमोर बेट आणि ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा यांच्यामधल्या समुद्राखाली तेल व वायूचे मोठे साठे आहेत. त्यांपैकी ‘ग्रेटर सनराइज’ हे वायुक्षेत्र तिमोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १५० किलोमीटरवर, तर ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरापासून सुमारे ४५० किलोमीटरवर आहे. तिमोरच्या किनाऱ्याला लागूनच समुद्रतळात ‘तिमोर ट्रफ’ नावाची सुमारे तीन हजार मीटर खोल दरी आहे. सगळा वाद या दरीभोवती फिरतो.

४/
ऑस्ट्रेलियाचे म्हणणे असे की, आपली समुद्रबूड जमीन त्या दरीपर्यंत अखंड पसरलेली आहे, म्हणून सीमाही तिथेच. १९६९ मध्ये उत्तर समुद्राच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भूमीच्या ‘नैसर्गिक विस्ताराला’ महत्त्व दिले होते, त्यामुळे या युक्तिवादाला त्या काळी वजन होते. १९७२ मध्ये इंडोनेशियाने जवळपास याच तत्त्वावर ऑस्ट्रेलियाशी समुद्रतळाची सीमा आखून घेतली. इंडोनेशियाचे मोख्तार कुसुमात्मजा यांनी पुढे परराष्ट्रमंत्री या नात्याने या सौद्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. पण सही झालेली होती.

५/
तेव्हा पूर्व तिमोर पोर्तुगालची वसाहत होती आणि पोर्तुगाल या वाटाघाटींत नव्हता. त्यामुळे आखलेल्या रेषेत मधोमध एक तुकडा कोरा राहिला. त्याला ‘तिमोर गॅप’ असे नाव पडले. (हीच वसाहत १८४४ पर्यंत गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज कारभाराचा भाग होती. पणजीच्या दप्तरात दिलीची नोंद होत असे, हे आपल्याकडे सहसा कुणाच्या लक्षात नसते.)

६/
२८ नोव्हेंबर १९७५ रोजी ‘फ्रेटिलिन’ पक्षाने स्वातंत्र्य घोषित केले. नऊ दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचे सैन्य उतरले. पुढील चोवीस वर्षांत युद्ध, उपासमार व रोगराईने किमान एक लाखावर माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांनी हे विलीनीकरण मान्य केले नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र १९७९ मध्ये त्याला विधिवत मान्यता दिली. कारण उघड होते. समुद्रतळाविषयी करार करायचा तर त्या किनाऱ्यावर कुणाची सत्ता आहे हे आधी मान्य करणे भाग होते.

७/
११ डिसेंबर १९८९ रोजी ‘तिमोर गॅप’ करारावर सह्या झाल्या, त्याही तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात. ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री गॅरेथ इव्हान्स आणि इंडोनेशियाचे अली अलातास यांचे शॅम्पेनचे पेले हाती घेतलेले दृश्य तिमोरी लोक आजही विसरलेले नाहीत. ज्यांच्या समुद्राची वाटणी झाली ते खाली डोंगरांत लढत होते.

८/
१९९१ मध्ये पोर्तुगालने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. हा तोच पोर्तुगाल, ज्याने डिसेंबर १९५५ मध्ये न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वीकारल्यावर तिसऱ्याच दिवशी दादरा-नगर हवेलीच्या मार्गहक्कासाठी भारतावर दावा गुदरला होता. तेव्हा वसाहती राखण्यासाठी वापरलेले न्यायालय आता तो गमावलेल्या वसाहतीच्या स्वयंनिर्णयासाठी वापरत होता.

९/
३० जून १९९५ चा निकाल चौदा विरुद्ध दोन मतांनी पोर्तुगालच्या विरोधात गेला. इंडोनेशिया पक्षकार नसताना त्याच्या कृत्यांची वैधता तपासता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. श्रीलंकेचे न्यायाधीश वीरमंत्री यांनी सविस्तर भिन्नमत नोंदवले. मात्र याच निकालात, स्वयंनिर्णयाचा हक्क हा साऱ्या जगाप्रती असलेल्या दायित्वांत मोडतो, असे एक वाक्य होते. खटला हरला तरी ते वाक्य कायद्याच्या पुस्तकात राहिले. तिमोरी नेत्यांना यातून मिळालेला धडा मात्र कोरडा होता : योग्य बाजू पुरेशी नसते, योग्य पक्षकार आणि योग्य दारही लागते.

१०/
३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतरच्या हिंसाचारात जे आंतरराष्ट्रीय सैन्य शांततेसाठी उतरले, त्याचे नेतृत्व ऑस्ट्रेलियाकडे होते. हे विसरून चालणार नाही. पुढच्या वाटाघाटींत दिलीची अडचण हीच होती, की समोर बसलेला पक्ष उपकारकर्ताही होता.

११/
२० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ‘तिमोर समुद्र करारावर’ सही झाली. संयुक्त क्षेत्रातील उत्पन्नाचा ९० टक्के वाटा तिमोरला, १० टक्के ऑस्ट्रेलियाला. वाचताना हे औदार्य वाटते. पण हे संपूर्ण क्षेत्र मध्यरेषेच्या तिमोरकडच्या बाजूला होते. शिवाय ‘ग्रेटर सनराइज’चा केवळ २०.१ टक्के भाग या क्षेत्रात धरला गेला आणि उरलेला ७९.९ टक्के ऑस्ट्रेलियाचा. म्हणजे सर्वांत मोठ्या साठ्यातून तिमोरच्या हाती जेमतेम १८ टक्के पडणार होते.

१२/
तोवर कायदा पुढे सरकला होता. १९८५ च्या लिबिया–माल्टा निकालात न्यायालयाने स्पष्ट केले होते की, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आत समुद्रतळाच्या भूरचनेला महत्त्व नाही. अंतर हाच निकष. समोरासमोरच्या किनाऱ्यांमध्ये आरंभ मध्यरेषेपासून करायचा. म्हणजे २००२ मध्ये हा वाद न्यायालयात गेला असता तर दरीचा युक्तिवाद टिकणे कठीण होते. ऑस्ट्रेलियाने दार नेमके तेव्हा का लावले, याचे उत्तर इथे आहे.

१३/
जानेवारी २००६ मध्ये आणखी एक करार झाला. ‘ग्रेटर सनराइज’चे उत्पन्न निम्मे-निम्मे; त्या बदल्यात कायम सीमेचा प्रश्न ५० वर्षे उकरून काढायचा नाही. तिजोरी रिकामी असलेल्या सरकारने सही केली. या कराराला नावे ठेवणे सोपे आहे. पण आधीच्या १८ टक्क्यांच्या तुलनेत ५० टक्के हा त्या घडीला मोठा पल्ला होता. शिवाय त्यात एक कलम होते : सहा वर्षांत या क्षेत्राची विकासयोजना मंजूर झाली नाही, तर कोणताही पक्ष करार रद्द करू शकेल. वायुवाहिनी तिमोरला न्यायची की अन्यत्र, यावर एकमत झाले नाही, योजना अडली आणि ते कलम जिवंत राहिले.

१४/
मग एक गौप्यस्फोट झाला. २००४ च्या वाटाघाटींच्या काळात, मदतीच्या नावाखाली दिलीतील सरकारी कचेऱ्यांची दुरुस्ती करताना ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर संस्थेने मंत्रिमंडळाच्या दालनात ध्वनिग्राहक बसवले होते, असे त्याच संस्थेच्या एका माजी अधिकाऱ्याने सांगितले. टेबलाच्या एका बाजूचे पत्ते दुसऱ्या बाजूला आधीच दिसत होते, असा याचा अर्थ.

१५/
इथून दिलीच्या चाली वेगवान झाल्या. ८ जानेवारी २०१३ रोजी तिमोर-लेस्त संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचा सदस्य झाला. तेव्हा याची फारशी बातमीही झाली नाही. २३ एप्रिलला त्याने लवादाकडे धाव घेतली : हेरगिरीमुळे सद्भाव भंगला, म्हणून २००६ चा करार अवैध ठरवावा.

१६/
३ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेने तिमोरचे वकील बर्नार्ड कोलेरी यांच्या कॅनबेरातील कचेरीवर छापा घालून कागदपत्रे जप्त केली. खटल्यातल्या एका पक्षाने दुसऱ्या पक्षाच्या वकिलाचे दप्तर उचलून नेले! यापेक्षा मोठी भेट तिमोरला मिळाली नसती. दोनच आठवड्यांत तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोहोचला. वाद सीमेचा नसून कागदपत्रांचा असल्यामुळे २००२ चे बंद दार इथे आड येत नव्हते.

१७/
३ मार्च २०१४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने कागदपत्रे मोहोरबंद ठेवण्यास सांगितले आणि तिमोर व त्याच्या वकिलांमधील संपर्कात ढवळाढवळ न करण्याची ताकीद दिली. हा दुसरा भाग पंधरा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. ते एक मत ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या तदर्थ न्यायाधीशांचे होते. मे २०१५ मध्ये कागदपत्रे परत आली आणि जूनमध्ये तिमोरने खटला मागे घेतला. अंतिम निकाल लागलाच नाही. लागण्याची गरजही उरली नव्हती. प्रतिष्ठेची किंमत वसूल झाली होती.

१८/
पण सीमा? तिच्यासाठीचे दार सागरी कायद्याच्या करारातच होते. कलम २९८ नुसार एखादा देश सीमावादांना सक्तीच्या न्यायप्रक्रियेतून वगळू शकतो, आणि ऑस्ट्रेलियाने तेच केले होते. मात्र त्याच कलमाची एक अट आहे : असा देश, करार अमलात आल्यानंतर उद्भवलेल्या वादात वाटाघाटी फसल्यास, पाच जणांच्या आयोगापुढील सामोपचार नाकारू शकत नाही. ‘सक्तीचा सामोपचार’ हा शब्दप्रयोग विचित्र वाटतो खरा. १९८२ पासून तो पुस्तकात पडून होता, एकाही देशाने कधी वापरला नव्हता. ज्या कलमाने ऑस्ट्रेलियाने दार लावले, त्याच कलमात खिडकी होती. ती उघडायला सदस्यत्व लागत होते, आणि ते २०१३ मध्येच घेऊन झाले होते.

१९/
११ एप्रिल २०१६ रोजी दिलीने नोटीस बजावली. त्याआधी मार्चमध्ये दिलीतील ऑस्ट्रेलियन वकिलातीपुढे हजारोंची निदर्शने झाली होती आणि ऑस्ट्रेलियातील विरोधी मजूर पक्षाने फेब्रुवारीतच सीमेविषयी सद्भावाने बोलण्याचे आश्वासन दिले होते. त्यात १२ जुलैला दक्षिण चीन समुद्रावरील लवादाचा निकाल फिलिपिन्सच्या बाजूने लागला. कॅनबेराने चीनला तो पाळण्याचा उपदेश केला. सात आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, हेगमध्ये सामोपचाराची पहिली बैठक जाहीरपणे भरली, तिचे थेट प्रक्षेपण झाले, आणि शनाना गुस्मांव यांनी ऑस्ट्रेलियाला जगासमोर त्याच नियमांची आठवण करून दिली. चीनला एक माप आणि तिमोरला दुसरे, हे कॅमेऱ्यापुढे सांगणे अवघड होते.

२०/
ऑस्ट्रेलियाने आयोगाच्या अधिकारालाच हरकत घेतली. २००६ चा करार आड येतो, असा त्याचा मुख्य मुद्दा. १९ सप्टेंबर २०१६ रोजी आयोगाने सर्व हरकती फेटाळल्या. तरीही आयोगाचा अहवाल बंधनकारक नसतो, हे ध्यानात घ्यावे. ऑस्ट्रेलिया हातावर हात ठेवून बसू शकला असता.

२१/
तो बसला नाही, यामागे डॅनिश मुत्सद्दी पीटर टॅक्सो-येन्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचे कौशल्य आहे. आयोगाने निवाडा देण्याऐवजी देवघेव घडवली. जानेवारी २०१७ मध्ये तिमोरने २००६ चा करार रद्द करण्याची नोटीस दिली आणि ऑस्ट्रेलियाने ती विनातक्रार स्वीकारली. बदल्यात तिमोरने हेरगिरीवरील लवादासह दोन दावे मागे घेतले. खटले जिंकण्यासाठी नव्हे, तर वेळ आल्यावर मागे घेण्यासाठीही असतात, हे इथे दिसते.

२२/
३० ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे सार्वमताला बरोबर अठरा वर्षे होताना, कोपनहेगनमध्ये समझोता झाला. ६ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात करारावर सह्या झाल्या आणि ३० ऑगस्ट २०१९ रोजी तो अमलात आला. ‘ग्रेटर सनराइज’मधून वायुवाहिनी तिमोरला आली तर सरकारी उत्पन्नाचा ७० टक्के, ऑस्ट्रेलियाला गेली तर ८० टक्के वाटा तिमोरचा.

२३/
आता हिशेबाची दुसरी बाजू. आजवर ऑस्ट्रेलियाने घेतलेल्या उत्पन्नाची भरपाई मागायची नाही, हे याच करारात लिहिले आहे. ज्यावर देशाचे अंदाजपत्रक पोसले गेले, ते ‘बायू-उंदान’ क्षेत्र सीमा ठरेपर्यंत बरेचसे उपसून झाले होते; त्याचा वायू वाहिनीतून डार्विनलाच गेला. हेरगिरी उघड करणाऱ्या अधिकाऱ्याला २०२१ मध्ये शिक्षा झाली, ती स्थगित ठेवण्यात आली. कोलेरी यांच्यावरील खटला जुलै २०२२ मध्ये मागे घेतला गेला.

२४/
आणि रेषा अजून पुरी झालेली नाही. करारातील पूर्व व पश्चिम टोकांचे काही भाग तात्पुरते ठेवले आहेत. इंडोनेशियाशी समुद्रतळाची सीमा ठरल्यावर ते नव्याने जुळवायचे आहेत. १९७२ ची ती रेषा अजून तिथेच आहे.